सावित्रीत मगरी किती, आणि त्या तिथेच का?

महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावलेली सावित्री पोलादपूर ओलांडून महाडला येते, तोपर्यंत ती डोंगरातली नदी असते. महाडच्या खाली तिची खाडी होऊ लागते. बाणकोटला समुद्राला मिळणाऱ्या या नदीत भरतीचे पाणी महाडपर्यंत चढते. म्हणूनच तर एके काळी महाड हे बंदर होते. या गोड्या आणि खाऱ्या पाण्याच्या सांध्यावर, महाडपासून काही किलोमीटरवर, सव हे गाव आहे. गावाची ओळख तेथील गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे. म्हणजे थोड्याशा अंतरात तीन प्रकारचे पाणी येथे एकमेकांच्या शेजारी नांदते: डोंगरातून आलेले गोडे, समुद्रातून चढणारे खारे आणि जमिनीच्या पोटातून वर येणारे कढत पाणी. प्रत्येकात राहणारे जीव वेगळे. आणि याच नदीत, महाड शहराला लागून असलेल्या पात्रात, मगरी राहतात.

पावसाळ्यात एखादी मगर वस्तीजवळ आली, की ‘मगरी फार वाढल्या’ अशी चर्चा महाडमध्ये सुरू होते. वर्तमानपत्रांत आकडे येतात, ते एकमेकांशी जुळत नाहीत. मगरी किती हा प्रश्न वरवर साधा वाटतो. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी मगर नदीच्या अमुक वळणावर का असते आणि तमुक वळणावर का नसते, हे ठाऊक असावे लागते. परिस्थितिकीशास्त्रात ‘कोठे’ आणि ‘किती’ हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

‘कोठे’ या प्रश्नाचे सर्वांत सोपे रूप सवच्या झऱ्यासारख्या ठिकाणी दिसते. कोकणाला गरम पाण्याचे झरे नवे नाहीत. पालीजवळचे उन्हेरे, दापोलीतील उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे ही गावांची नावेच ऊन पाण्यावरून पडली आहेत. पश्चिम किनाऱ्यालगत असे सुमारे ६० झरे असून त्यांचे तापमान साधारण ३४ ते ७१ अंश सेल्सियस यांच्या दरम्यान आढळते. अशा झऱ्याच्या तोंडापासून पाणी वाहत जाऊन थंड होत जाते, तसतसे त्यातील रहिवासी बदलतात. प्रकाशावर अन्न तयार करणारे नीलहरित जीवाणू ७३ अंशांच्या आसपास आपली वरची मर्यादा गाठतात. शैवाले आणि बुरशी यांच्यातील अत्यंत काटक जातींनाही साठ अंशांच्या पुढे तग धरणे अशक्य होते. मासे तर चाळिशीच्या वर क्वचितच. म्हणजे झऱ्याच्या ओघळात काठाने चालत गेले, तर जीवसृष्टीच्या एकेक पायरीचा दाखला काही पावलांत मिळतो. ओघळाचा हिरवा, पिवळट, तपकिरी रंग हा पुष्कळदा त्या त्या तापमानाला जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग असतो.

हे ज्ञान केवळ कुतूहलापुरते नाही. अमेरिकेतील यलोस्टोनच्या कढत झऱ्यांतून थॉमस ब्रॉक यांनी १९६० च्या दशकात ‘थर्मस अक्वाटिकस’ नावाचा जीवाणू मिळवला. त्याचे एक वितंचक उकळीच्या जवळच्या तापमानातही निकामी होत नाही, आणि त्याच्याच आधारावर पीसीआर चाचणी उभी राहिली. २०२० नंतर कोट्यवधी भारतीयांच्या नाकातील स्रावाची जी तपासणी झाली, तिच्या मुळाशी कोणीतरी ‘इतक्या गरम पाण्यात काय राहत असेल?’ असा बिनकामाचा वाटणारा प्रश्न विचारला होता.

प्रत्येक जीवाला सोसण्याच्या दोन मर्यादा असतात, एक खालची आणि एक वरची, आणि त्या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी त्याला सर्वाधिक मानवणारी जागा असते, हा विचार विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील व्हिक्टर शेलफर्ड यांनी मांडला. तापमानाबाबत तो चटकन पटतो. मात्र निसर्गात जीव सोसण्याच्या साऱ्या पट्ट्यात पसरलेला सापडत नाही. तो त्यातील एका तुकड्यातच दिसतो, कारण उरलेल्या तुकड्यावर दुसऱ्या कोणाचा तरी ताबा असतो.

याचा नामांकित पुरावा भरती-ओहोटीच्या पट्ट्यातलाच आहे. समुद्रकाठच्या खडकांना चिकटून राहणारे, पांढऱ्या शंकूसारखे कवच असलेले बार्नॅकल नावाचे प्राणी कोकणात सर्वांनी पाहिलेले असतात. अनवाणी पाय सोलून निघतात ते यांच्यामुळे. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जोसेफ कॉनेल यांना त्यांच्या दोन जाती दोन पट्ट्यांत राहताना दिसल्या. लहान जात वरच्या पट्ट्यात, मोठी खालच्या. लहान जातीला खालचे पाणी मानवत नसावे, असे कोणालाही वाटले असते. कॉनेल यांनी खालच्या पट्ट्यातल्या काही दगडांवरून मोठ्या जातीचे प्राणी काढून टाकले आणि लहान जात तेथे उत्तम वाढू लागली. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाने दाखवून दिले, की वरची सीमा उन्हाने व कोरडेपणाने आखली होती, तर खालची शेजाऱ्याने. नुसते पाहून हे कधीच कळले नसते.

सावित्रीच्या मगरीकडे या दृष्टीने पाहावे. ही मगर मुळात गोड्या पाण्याची. पण मचूळ पाणी तिला अगदीच वर्ज्य नाही. गोव्यात मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्याच्या निमखाऱ्या पाण्यात मगरी राहतात आणि त्या परिसरात मातीची मगर करून तिची पूजा करण्याची ‘माणगें थापणी’ ही परंपरा आहे. तेव्हा महाडच्या मगरीला खाडीकडे सरकण्यास खारेपणा हा एकच अडसर मानता येणार नाही. तिला आणखी बरेच काही लागते. ती थंड रक्ताची, म्हणून शरीर तापवण्यासाठी उन्हात पडून राहता येईल असा मोकळा, उतरता काठ लागतो. ऊन कडक झाले की सरकून जाण्यासाठी शेजारीच खोल डोह लागतो. काठाच्या मातीत ती बिळे खणते, म्हणून माती खणण्याजोगी हवी. मासे हवेत. माणसांची वर्दळ फार नको, मात्र माणसांनी टाकलेले मांस-मासळीचे अवशेष मिळत असतील तर तीच वर्दळ तिला चालते.

आणि अंडी. मगरीची मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पाण्याच्या पातळीच्या वर, काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या खड्ड्याच्या तापमानावर ठरते. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेतील अंड्यांवर झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८ ते ३१ अंशांच्या स्थिर तापमानाला फक्त माद्या निपजल्या, तर ३२.५ अंशांना नर. दीड अंशाचा हा खेळ. नदीचा कोणता काठ सावलीत आहे आणि कोणता उघडा, कोठे वाळू आहे आणि कोठे चिकणमाती, यावर पुढच्या पिढीतील नर-माद्यांचे प्रमाण अवलंबून राहते. मगरीसाठी काठ म्हणजे नदीची नुसती कड नाही.

महाडच्या मगरींचा बोलबाला मध्यंतरी जगभर झाला तो वेगळ्याच कारणाने. उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर यांनी येथील मगरींच्या वर्तनाची निरीक्षणे २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ या नियतकालिकात मांडली. मगरी मिळून मासे कसे पकडतात, याबरोबरच नदीत सोडलेल्या झेंडूच्या फुलांजवळ त्या कशा तरंगत राहतात, याचीही नोंद त्यात होती. पाण्यात उतरलेल्या एका कुत्र्याला मगरींनी न खाता तोंडाने ढकलत सुरक्षित काठाकडे नेल्याचा प्रसंगही त्यात आहे. बातम्यांनी उचलला तो अर्थातच हाच. झेंडूच्या बाबतीत लेखकांनी एक शक्यता सुचवली: फुलांतील जंतुनाशक द्रव्यांमुळे दूषित पाण्यात मगरीच्या त्वचेला आराम मिळत असावा.

शक्यता मोहक आहे. पण तिची पारख कशी करायची? मगर फुलांपाशी दिसली, एवढ्यावरून तिला फुले आवडतात हे सिद्ध होत नाही. फुले जेथे पाण्यात पडतात, तेथे नैवेद्य आणि इतर खाद्यपदार्थही पडतात, त्यामागे मासे येतात आणि मगरीला शिकार मिळते. शिवाय फुले वाहत जाऊन जेथे साचतात ते संथ पाण्याचे कोपरे मगरींना एरवीही सोयीचेच. आणखी एक मुद्दा सहज निसटतो: निरीक्षक जेथे उभा राहू शकतो, अशी घाटाजवळची जागा म्हणजे नेमकी फुलांचीच जागा. म्हणून परिस्थितिकीत ‘जीव कोठे दिसला’ याची नुसती यादी पुरत नाही. नदीत फुले असलेली व नसलेली, खाद्य असलेली व नसलेली अशा साऱ्या जागा सारख्याच वेळा पाहाव्या लागतात. पात्राच्या शंभर तुकड्यांपैकी पाचच तुकड्यांत फुले असतील आणि निम्म्या मगरी त्या पाचांतच दिसल्या, तर आवडीविषयी काही बोलता येईल. कुत्र्याचा प्रसंग मात्र एकच. तो खोटा ठरवण्याचे कारण नाही आणि त्यावरून मगरीच्या मनाविषयी सिद्धांत मांडण्याचेही नाही.

येथून मोजणीच्या कलेला प्रारंभ होतो. सगळे जीव मोजणे अशक्य असते, म्हणून थोडे मोजून सगळ्यांचा अंदाज करायचा. भात शिजला की नाही ते शितावरून पाहावे तसे. फरक इतकाच, की भाताच्या भांड्यात सगळीकडे सारखी वाफ असते, नदीकाठी नसते. एका जागी असलेल्या वनस्पती, गोगलगायी, बार्नॅकल यांच्यासाठी ठरावीक मापाची चौकट टाकून तिच्या आतले जीव मोजतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात रॉस्को पाउंड आणि फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी ही पद्धत रूढ केली. चौकट कोठे टाकायची हे अभ्यासकाने ठरवायचे नाही, हा यातला खरा नियम. माणसाचा हात नकळत भरगच्च जागेकडे वळतो, म्हणून जागा चिठ्ठ्या टाकून निवडतात. मात्र परिस्थिती एका दिशेने पालटत असेल, झऱ्याच्या तोंडापासून खाडीच्या चिखलापर्यंत, तर चिठ्ठ्यांपेक्षा दोरी बरी. त्या दिशेने दोरी ताणायची आणि ठरावीक अंतरावर चौकटी मांडून प्रत्येक ठिकाणी जीवांबरोबर तापमान आणि खारेपणाही नोंदवायचा.

येथे एक चूक शिकलेली माणसेही करतात. सवच्या एका झऱ्याभोवती पन्नास चौकटी टाकल्या, तरी अभ्यास एकाच झऱ्याचा होतो. त्यावरून कोकणातल्या गरम झऱ्यांविषयी विधान करायचे असेल, तर उन्हेरे, उन्हवरे, तुरळ, राजवाडी असे वेगवेगळे झरे पाहिले पाहिजेत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध शोधनिबंध तपासून दाखवून दिले, की या आभासी पुनरावृत्तीच्या सापळ्यात कितीतरी अभ्यासक सापडले होते.

हिंडणाऱ्या प्राण्यांना चौकट चालत नाही. त्यांच्यासाठी पकडणे, खूण करणे आणि पुन्हा पकडणे ही युक्ती आहे. समजा, खाडीच्या एका फाट्यात ४० चिंबोऱ्या पकडून त्यांच्या पाठीवर रंगाचा ठिपका देऊन सोडल्या. चार दिवसांनी ५० पकडल्या, त्यात १० ठिपकेवाल्या निघाल्या. म्हणजे पाचांत एक खुणेची. तेव्हा ४० हा साऱ्या संख्येचा पाचवा हिस्सा आणि एकूण चिंबोऱ्या सुमारे २००. हिशेब शाळकरी मुलालाही जमेल. परंतु चिंबोरी कात टाकते. दरम्यान खुणेच्या निम्म्या चिंबोऱ्यांनी पाठीवरच्या ठिपक्यासह कवच टाकून दिले, तर दहाऐवजी पाचच खुणा सापडतील आणि हिशेब ४०० सांगेल. एकही चिंबोरी न वाढता संख्या दुप्पट! अशा वेळी चूक गणितात नसते, चिंबोरीच्या सवयी ठाऊक नसण्यात असते. कोणत्याही खाडीवरल्या कोळ्याने ती आधीच सांगितली असती.

मगरीला पकडून ठिपका देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिला स्थान आहे आणि परवानगीवाचून तिला हात लावता येत नाही. मग उरतात दोन मार्ग. हिवाळ्यातल्या सकाळी काठावर ऊन खाणाऱ्या मगरी मोजणे, किंवा रात्री होडीतून प्रखर विजेरी फिरवून लालसर चमकणारे डोळे मोजणे. दोन्हींत मिळतो तो ‘निदान इतक्या तरी’ असा आकडा. बुडी मारलेली मगर, बिळातली मगर, झुडपाआडची मगर त्यात नसते. रात्री दिसलेल्या डोळ्यांवरून मगर केवढी आहे, हेही पुष्कळदा सांगता येत नाही. अलीकडे छायाचित्रांत शेपटीवरील खवल्यांची ठेवण पाहून एकेक मगर ओळखता येऊ लागली आहे. म्हणजे चिंबोरीचीच युक्ती, पण खूण निसर्गाने दिलेली आणि काती टाकून न जाणारी. पाण्याच्या नमुन्यातील डीएनएवरून प्राण्याचा माग काढण्याचे तंत्रही आले आहे. त्यातून प्राणी आहे एवढे कळते, किती आहेत हे नाही. आणि भरती-ओहोटीने पाणी वरखाली होणाऱ्या नदीत तो डीएनए कोणत्या वळणावरून आला, हे सांगणे अवघड.

सावित्रीवर या सगळ्यापेक्षा मोठी अडचण घड्याळाची आहे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. हौशी निसर्गप्रेमींना सवड रविवारची. समजा, एका रविवारी सकाळी नऊ वाजता ओहोटी होती. काठ उघडे पडले होते आणि त्यांवर मगरी पसरल्या होत्या. सात दिवसांत वेळ जवळजवळ सहा तास सरकते, म्हणजे पुढच्या रविवारी नऊ वाजता त्याच ठिकाणी भरतीचे पाणी तट्ट भरलेले असते. काठ पाण्याखाली, मगरी पाण्यात. त्यापुढच्या रविवारी पुन्हा ओहोटी. घड्याळ न चुकता पाळणारा निरीक्षक एका आठवड्यात बारा आणि दुसऱ्या आठवड्यात तीन मगरी नोंदवील आणि नऊ मगरी कोठे नाहीशा झाल्या याच्या विवंचनेत पडेल. नदीकाठी मोजणी घड्याळाने न करता पंचांगाने करावी लागते. उधाणाची तिथी की भांगाची, ओहोटी किती वाजता, हे पाहून.

पावसाळ्यातल्या दर्शनांचे तसेच. जून २०२४ च्या अखेरीस चिपळूणच्या रस्त्यावर भर पावसात चालत जाणारी मगर साऱ्या महाराष्ट्राने चित्रफितीत पाहिली. पूर आला की मुख्य प्रवाहाचा जोर टाळण्यासाठी मगरी ओढ्या-नाल्यांत आणि शेतांत शिरतात. त्यामुळे जुलैमध्ये दर्शने वाढतात. मगरी तेवढ्याच असतात.

हा सारा काटेकोरपणा आता निकडीचा झाला आहे, त्याचे कारण मगरींपेक्षा माणसांशी अधिक निगडित आहे. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे दरडीखाली वस्तीच गाडली गेली आणि महाड शहर पाण्याखाली गेले. पात्रात साचलेला गाळ आणि त्याची बनलेली बेटे काढा, ही महाडकरांची मागणी त्यानंतर जोराने पुढे आली आणि गाळ काढण्याची कामे सुरू झाली. ज्यांच्या घरात छतापर्यंत पाणी चढले, त्यांना मगरीच्या उन्हाच्या जागेचे महत्त्व सांगत बसणे उचित नव्हे. परंतु गाळाची बेटे आणि उतरते काठ या मगरीच्या ऊन खाण्याच्या व अंडी घालण्याच्याही जागा असू शकतात. त्या हलल्या तर मगरी कोठे जातील? काही वळणे सोडून खाडीकडे सरकतील, की शहराच्या घाटांकडे, जेथे लोक कपडे धुतात आणि गुरे पाण्यावर येतात? उत्तर महाडकरांनाही हवे आहे.

ते मिळवण्याचा मार्ग ठाऊक आहे. काम होण्यापूर्वी आणि नंतर मोजायचे, तेही काम होणाऱ्या आणि न होणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पात्रांत. नुसते आधी-नंतर पाहिले, तर पाऊस कमी-अधिक झाल्याचा परिणाम गाळाच्या माथी मारला जाईल. तुलनेसाठी चिपळूणची वाशिष्ठी सहज सुचते. तिच्यातही मगरी आहेत, तीही खाडीला मिळते. पण २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतलाही गाळ काढला गेला, तेव्हा ती न छेडलेली नदी म्हणून चालणार नाही. तुलनेचे पात्र सावित्रीतच शोधावे लागेल, यंत्रे न पोहोचलेल्या वळणांवर, आणि ती वळणे तशीच राहतील याची हमी आधी घ्यावी लागेल.

मोजणीच्या वहीत प्रत्येक फेरीला तारीख, तिथी, ओहोटीची वेळ, पाण्याची पातळी, हवेचे व पाण्याचे तापमान, निरीक्षक किती होते आणि किती अंतर किती वेळात चालले, हे रकाने असतात. मगरींचा रकाना त्यानंतर येतो. एखाद्या वळणावर मगर दिसली नाही, तर तेथे शून्य लिहायचे. ते वळण त्या दिवशी पाहिलेच नाही, तर रकाना कोरा सोडायचा. पुष्कळ जुन्या वह्यांत ‘दिसली नाही’ आणि ‘पाहिले नाही’ या दोन्हींसाठी एकच आडवी रेघ मारलेली असते, आणि दहा वर्षांनी ती वही उघडणाऱ्याला त्या रेघेचा अर्थ लावता येत नाही.